मागच्या गाडीतला माणूस

निघायच्या आदल्या रात्री नानामामांचा व्हिडिओ कॉल आला. वाईत सकाळचे साडेसात वाजले होते, त्यांचा चहा झालेला होता. डेन्व्हरमध्ये अंधार पडत होता आणि मी ड्राइव्हवेवर हातात पाना घेऊन आडवा पडलो होतो. काय चाललंय म्हणाले, म्हणून फोन फिरवून दाखवलं. पुढे आमची रोजच्या वापराची टोयोटा हायलँडर, मागे २००४ सालची जीप रँग्लर, आणि दोघींच्या मधे काळा लोखंडी त्रिकोण.

"ट्रेलर नाही?"

"नाही मामा. चारी चाकं रस्त्यावर ठेवून ओढत न्यायची. मोॲबपर्यंत, साडेतीनशे मैल."

"म्हणजे टोचनच की," ते म्हणाले. "मागं कोण बसणार?"

"कोणी नाही. बसायची परवानगी नसते."

ते जरा थांबले. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला. "आरं, मग ब्रेक कोण मारणार?"

टोचन हा आपल्या गॅरेजवाल्यांचा आणि ट्रकवाल्यांचा शब्द. इंग्रजी 'टो चेन' बोलून बोलून झिजला आणि टोचन झाला असावा. साखळीच्या जागी पुढे नायलॉनचा दोर आला, तरी शब्द तोच राहिला. माझ्या आयुष्यातलं पहिलं टोचन नानामामांच्याच जीपचं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. वाईत त्यांच्या डिझेल जीपने मान टाकली आणि शिरवळच्या ओळखीच्या मेकॅनिककडे ती ओढत न्यायचं ठरलं. पुढे एका परिचिताचा टेम्पो, मधे दोर, मागे जीपमध्ये मी. मधे खंबाटकी घाट. तेव्हा बोगदा नव्हता, जाणारी-येणारी सगळी वाहनं घाटातूनच. मामांनी खिडकीत डोकं घालून एकच नियम सांगितला होता, "दोर ढिला पडू द्यायचा नाही." टेम्पो हळू झाला की त्याच्या आधी मी ब्रेक मारायचा, टेम्पो वळला की मी वळायचं. बंद इंजिनच्या गाडीचा ब्रेक दगडासारखा लागतो, हे त्या दिवशी मांडीला कळलं.

म्हणजे टोचनमध्ये मागच्या माणसाला तीन कामं असतात. स्टिअरिंग धरायचं, ब्रेक मारायचा, आणि काही बिघडलं तर पुढच्याला हॉर्न देऊन सांगायचं. इथे अमेरिकेत मोठ्या मोटारहोमच्या मागे छोट्या गाड्या अशाच चारी चाकांवर ओढून नेतात. आमच्याकडे मोटारहोम नव्हतं. आमची ओढणारी गाडी होती मध्यम आकाराची, मुलांना शाळेत सोडणारी. म्हणून मागच्या माणसाची उणीव आम्हाला जास्त भासणार होती.

जीप चालवतच का नेली नाही, असं कुणी विचारेल. डोंगरासाठी बनवलेल्या जुन्या जीपला हायवे मानवत नाही. कापडी छप्पर फडफडतं, जाड खाचांचे टायर सतत घुमतात, आणि चार तासांनी कानांत भुंगे शिरतात. पण खरं कारण वेगळं. मोॲबला आम्ही जीप खडकांवर चढवायला चाललो होतो. तिथे गाडी मोडू शकते, आणि मोडली तर ती घरी कशी आणायची याचं उत्तर निघण्यापूर्वीच हाताशी असलेलं बरं.

मग ट्रेलरवर का नाही? तो हिशेब आकड्यांचा. ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर जीप नेली, तेव्हा विंच, जाड बंपर आणि मोठे टायर धरून ३,८६० पौंड भरली, म्हणजे सुमारे १,७५० किलो. हायलँडरची ओढायची मर्यादा ५,००० पौंड. गाडी वाहायचा ट्रेलरच दीड-दोन हजार पौंडांचा असतो, त्यामुळे बेरीज मर्यादेबाहेर जाते. चारी चाकांवर ओढली तर ते ओझं वाचतं. शिवाय जीप आपलं वजन आपल्याच चाकांवर पेलते. ट्रेलरचं नाक जसं पुढच्या गाडीच्या पाठीवर बसतं, तसं इथे जवळपास काहीच बसत नाही. मात्र ५,००० हा आकडा एकट्या गाडीचा. हायलँडरच्या मागचा जोड म्हणजे हिच, तो काळा त्रिकोण म्हणजे टो बार, जीपच्या चासीला बोल्टने बसवलेला कंस, पिना, साखळ्या या प्रत्येकाची मर्यादा वेगळी छापलेली असते, आणि सगळ्यांत लहान आकडा हीच तुमची खरी मर्यादा.

माझ्यासोबत माझा भाचा होता, फोर्ट कॉलिन्सला शिकणारा. त्याला मॅन्युअल गिअरची गाडी येत नाही, पण हँडबुक वाचायचा कंटाळाही नाही. मी जीपमध्ये बसलो आणि त्याने बाहेर उभं राहून एकेक ओळ वाचली. इंजिनातून येणारी ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस. तिचा दांडा न्यूट्रलला. गिअर मात्र न्यूट्रलला नाही, गिअरमध्ये.

"मामा, हे उलटं नाही का वाटत?" त्याने विचारलं.

वाटतं, आणि चूक होते ती इथेच. चाकं फिरली की त्यांच्याबरोबर ट्रान्सफर केसचा मागचा शाफ्ट फिरतो. या जीपमध्ये तेलाचा पंप त्याच शाफ्टवर चालतो, त्यामुळे पेटीच्या आतल्या भागांना तेल मिळत राहतं. पण गिअरबॉक्स स्थिर राहायला हवा, म्हणून तो गिअरमध्ये अडकवून ठेवायचा. ट्रान्सफर केस न्यूट्रलला नीट बसली नसेल तर चाकं उलट दिशेने गिअरबॉक्सला आणि बंद इंजिनला फिरवत सुटतात. लो रेंजमध्ये, म्हणजे खडकांसाठीच्या संथ गतीत, राहिलेली जीप पहिल्या गिअरमध्ये हायवेवर ओढली, तर इंजिन त्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट वेगाने फिरून फुटतं.

म्हणून हँडबुक एक परीक्षा सांगतं. इंजिन चालू करा, रिव्हर्स टाका, क्लच सोडा, ब्रेकवरचा पाय काढा आणि पाच सेकंद थांबा. गाडी हलता कामा नये. मग पहिला गिअर टाकून पुन्हा तेच. मी क्लच सोडला. इंजिन घुरघुरत राहिलं, जीप जागची हलली नाही. भाच्याने मोठ्याने पाच आकडे मोजले. मग इंजिन बंद, हँडब्रेक खाली, आणि किल्ली स्टिअरिंगचं कुलूप उघडं राहील अशा खाचेत.

स्टिअरिंग मोकळं सोडलं की पहिलं काम आपोआप होतं. पुढच्या चाकांची बैठक किंचित मागे कललेली असते, त्यामुळे ढकलगाडीच्या फिरत्या चाकासारखी ती ओढ लागेल तिकडे वळतात. दोर नसून कडक दांडे असल्यामुळे ढिलं पडायचा प्रश्न नाही. दांडे मात्र जमिनीला समांतर हवेत, दोन्ही टोकांच्या उंचीत तीनेक इंचांपेक्षा जास्त फरक नको. आमची जीप उंच आणि हायलँडरचा हिच खाली, म्हणून मधे उंची वाढवणारा जोड बसवला. दांडा तिरका राहिला तर ब्रेक मारताना मागची गाडी पुढचीच्या बुडाला खाली दाबते किंवा वर उचलते. दोन्ही वाईट. दांड्यांखालून दोन साखळ्या फुलीसारख्या ओलांडून घ्यायच्या. टो बार तुटलाच तर त्याचं टोक रस्त्यात रुतायच्या ऐवजी या फुलीच्या झोळीत पडतं. मागचे दिवे पुढच्या गाडीच्या तारांवर जोडले, मधे डायोड घालून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाते आणि एका गाडीची वायरिंग दुसरीच्या वायरिंगला त्रास देत नाही.

राहिला ब्रेक. त्यासाठी एक पेटी मिळते, साधारण टूलबॉक्सएवढी. ती जीपमध्ये चालकाच्या पायांजवळ ठेवायची, पाठ सीटला टेकवायची आणि तिचा हात ब्रेकच्या पेडलला चिमट्याने पकडायचा. पुढची गाडी हळू झाली की पेटीला ते जाणवतं आणि ती पेडल दाबते. एक बारीक केबल जीपमधून निघून पुढच्या गाडीला अडकवलेली असते. जीप सुटली तर केबल ओढली जाते आणि पेटी ब्रेक दाबून धरते. पुढच्या गाडीत चालकासमोर एक लहान लाल दिवा बसवतात. ठरावीक वजनापुढे, अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढे, ओढलेल्या वाहनाला स्वतःचे ब्रेक असणं कायद्याने बंधनकारक आहे. पण आमच्यासाठी कायद्यापेक्षा मोठं कारण साधं होतं. जीप हायलँडरच्या वजनाच्या जवळ जाणारी. उतारावर एकट्या हायलँडरने ब्रेक मारला, तर पावणेदोन टनांचा ढकला मागून येणार. सरळ रस्त्यावर तो फक्त थांबायला उशीर करतो. वळणावर तो तिरका लागतो आणि पुढच्या गाडीचं बूड बाजूला रेटतो.

पहाटे पाचला निघालो. डेन्व्हर स्वतःच ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईहून जेमतेम शंभर-सव्वाशे फूट खाली. तिथून पश्चिमेला जाणारा आय-७० रॉकी पर्वतात चढत चढत आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो. त्याचं पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर, अमेरिकेच्या इंटरस्टेट रस्त्यांवरची सर्वांत उंच जागा. कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी बोगदा थोडा वरच राहतो. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन-चार टक्क्यांनी घटते. त्यामुळे ओझं तेच, चढ वाढता आणि घोडा अर्धपोटी. आम्ही उजव्या लेनमध्ये मालट्रकांच्या पंगतीला बसलो, दिवे लुकलुकत, ताशी चाळीस मैल.

लाल दिवा सतत पेटलेला होता. मला वाटलं, पेटी चालू असल्याची खूण.

जॉर्जटाऊनला कॉफीसाठी उतरलो तेव्हा वास आला. खंबाटकी उतरून आलेल्या एसटीजवळ येतो तो, जळक्या लायनिंगचा. मी जीपच्या पुढच्या चाकाजवळ गेलो आणि हात उलटा करून जवळ नेला. टेकवावा लागलाच नाही, चार बोटांवरूनच झळ लागली. दुसऱ्या बाजूलाही तेच. हायलँडरची चाकं जेमतेम कोमट.

दार उघडून पाहिलं. निघताना भाच्याने पेटी डगमगू नये म्हणून सीट एक खाच पुढे सरकवली होती, आणि मी ती बघून शाबासकीही दिली होती. त्या एका खाचेने पेटीचा हात पेडलवर किंचित रेलला होता. घरापासून इथवर आम्ही जीपचा ब्रेक हलकासा दाबून तिला डोंगर चढवत होतो. लाल दिवा ओरडून हेच सांगत होता. पेडल दाबलं गेलं की तो पेटतो, एरवी विझलेला असतो. माहितीपत्रकात लिहिलंही होतं. मी वाचलं नव्हतं.

अर्धा-पाऊण तास चाकं थंड होऊ दिली. सीट मागे घेतली. पेटी बसवण्यापूर्वी ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबून आत साठलेला व्हॅक्युम काढून टाकायचा असतो, म्हणजे पेटीला बंद इंजिनचं खरं, कडक पेडल मिळतं आणि तिचं गणित चुकत नाही. ती पायरीही आम्ही पहाटेच्या घाईत गाळली होती. मी पेडल दाबत गेलो. पहिल्या दोन वेळा पाय लोण्यात गेल्यासारखा आत गेला, मग कडक, मग दगड. मांडीने तो दगड लगेच ओळखला.

बोगदा पावणेदोन मैलांचा. बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत नऊएक मैलांत दोन हजारांवर फूट उतार. बाजूला वाळू-खडीच्या चढत्या वाटा काढून ठेवल्या आहेत, ब्रेक गेलेले ट्रक त्यांत घुसवायला. मी बोगद्यातच गिअर खाली आणला. उतारावर वेग इंजिनने धरायचा, ब्रेक फक्त मधून मधून आणि नीट दाबून, सतत पाय टेकवून नाही. पहिला ब्रेक मारला, लाल दिवा पेटला. पाय काढला, विझला. पुन्हा मारला, पुन्हा पेटला. मागून ढकला आला नाही. दोर ताठ होता.

"आता कळलं कुणाचा दिवा आहे तो," भाचा म्हणाला.

पुढे व्हेल पासचा दुसरा चढ-उतार, आणि मग ग्लेनवूड कॅन्यन. साडेबारा मैल कोलोराडो नदीच्या काठाने, दोन्ही बाजूंना कडे, आणि रस्ता चाळीस पुलांवरून तरंगत जाणारा. आय-७०चा हा तुकडा सर्वांत शेवटी, १९९२ साली पुरा झाला. इथेही दरडी येतात. २०२० साली वरच्या जंगलाला आग लागली, झाडं गेली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात पावसाने चिखल आणि धोंडे रस्त्यावर आणून टाकले. सह्याद्रीतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फ्रूटाला पेट्रोलसाठी थांबलो आणि तिथे मी दुसरी चूक केली. पंपाच्या पुढे वळायला जागा असेल असं गृहीत धरून आत शिरलो. पुढे कुंपण. या जोडगाडीला रिव्हर्स नसतो. मागे ढकललं की जीपची मोकळी चाकं हव्या त्या बाजूला वळतात, जीप आडवी होते आणि टो बार वाकतो. ट्रेलरसारखं उलट स्टिअरिंग फिरवून सरळ करायची सोयच नाही. सोडवण्याशिवाय इलाज नव्हता. गाड्या एका कोनात उभ्या होत्या, त्यामुळे पिना ताणाने घट्ट आवळल्या गेलेल्या. भाच्याने बंपरला खांदा लावून जीप पुढे-मागे झुलवली. त्या झुलण्यात एका क्षणाला ताण शून्य होतो, त्याच क्षणी पिन ओढायची. तिसऱ्या झोक्याला निघाली. मागे रांगेत उभ्या असलेल्या पिकअपवाल्याने हॉर्न वाजवला नाही. उतरून येऊन दुसऱ्या बंपरला खांदा दिला. पुन्हा जोडून, दिवे, साखळ्या, केबल, न्यूट्रलची पाच सेकंदं सगळं करून निघायला चाळीस मिनिटं गेली. त्यानंतर आत शिरण्यापूर्वी बाहेरचा रस्ता दिसतो का, एवढं पाहूनच मी कुठेही वळलो.

मोॲब हे एकेकाळचं युरेनियमचं गाव. १९५०च्या दशकात अणुबॉम्बसाठी युरेनियम शोधायला माणसं जीप घेऊन या लाल कड्यांत घुसली, आणि त्यांनी पाडलेल्या कितीतरी वाटांवर आज आमच्यासारखे हौशी फिरतात. १९६७पासून इथे ईस्टरच्या सुमारास जीप सफारी भरते. आम्ही ती गर्दी ओसरल्यावर गेलो. टायरमधली हवा निम्म्यावर आणली, ट्रान्सफर केस लो रेंजला टाकली आणि खडकावर चढलो. या खडकाला स्लिकरॉक म्हणतात, घोड्यांच्या लोखंडी नालांना तो निसरडा लागला म्हणून. रबराला मात्र तो सँडपेपरसारखा धरतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या आहे त्या आकारात दगड झाल्या, आणि आमची जीप त्या गोठलेल्या लाटांवर एकेक फूट चढत-उतरत गेली. दोन दिवस समोर कधी नुसतं आकाश, कधी नुसता खडक. आठवणीत राहिले आहेत ते दोनच रंग.

परतीच्या सकाळी मी भाच्याला जीपमध्ये बसवलं, इंजिन बंद. "स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, करत राहा," म्हणालो आणि पुढच्या बाजूने खाली सरपटलो. जीपचा पुढचा आस जागेवर धरणारा एक आडवा दांडा असतो. तो सैल झाला की हायवेवर पुढची चाकं थडथड कापू लागतात, आणि ओढलेल्या गाडीत तर ते थांबवायला आत कोणी नसतं. सांध्यावर हात ठेवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण दर वेळी स्टिअरिंग फिरलं की तळव्याखाली बारीकसं टक् व्हायचं. दोन दिवसांच्या खडकांनी बोल्ट सैल केला होता. आवळला, पुन्हा हात ठेवला, टक् गेलं. शिरवळच्या गॅरेजमध्ये नानामामा असाच तळवा टेकवून, डोळे मिटून उभे राहायचे. मला तेव्हा वाटायचं, ते देवाचं नाव घेतात.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही, आणि ओढून नेलेल्या गाडीची गोष्ट अशीच संपावी. दर थांब्यावर आठही चाकांना उलटा हात, पिना, साखळ्या, केबल. बोगद्यानंतरच्या लांब उतारावर अंधार पडला होता. आरशात जीपचं रिकामं सीट दिसेनासं झालं होतं. डॅशबोर्डवर तेवढा लाल ठिपका माझ्या पायाबरोबर पेटत-विझत होता.

घरी पोहोचलो ते रात्री दहाला. ड्राइव्हवेवर मागे घेता येत नाही, म्हणून रस्त्यातच सोडवासोडव केली. हायलँडर आत लावली. भाचा म्हणाला, "जीप मी आणतो. क्लच सोडायचा एवढंच ना?" दोन दिवस तो खडकांवर मला पाहत होता. बसला, किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि श्वास रोखून अगदी हळूहळू क्लच सोडला.

जीप हलली नाही. त्याने ॲक्सिलरेटर दिला. इंजिन रागावलं, जीप जागच्या जागी. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मामा, काहीतरी मोडलंय."

मी नुसते आकडे मोजायला लागलो. तिसऱ्या आकड्याला त्याने कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या हाताने ट्रान्सफर केसचा दांडा शोधला.